कार्निव्हलचा शनिवार पणजीत: मिरवणूक दोन तासांची, दिवस अख्खा

प्रश्न पुण्याहून आला आहे. थोडक्यात असा: "आम्ही चौघं. मी, नवरा, ६८ वर्षांच्या सासूबाई आणि ९ वर्षांची मुलगी. कार्निव्हलचा शनिवार पणजीत काढायचा आहे, एकच दिवस. मिरवणूक कुठून नीट दिसेल? उरलेला दिवस धावपळ न करता कसा घालवावा? आणि सासूबाईंच्या मनात धाकधूक आहे, तिथे सगळा दारूचाच धुमाकूळ असतो का?"

मी पणजीतल्या मळा नावाच्या वस्तीत वाढले. गेली २२ वर्षं लोकांना पायी पणजी दाखवणं हाच माझा धंदा आहे आणि कार्निव्हलच्या शनिवारी माझ्याबरोबर कोणी ना कोणी असतंच. त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगून ठेवते.

पहिली गोष्ट तारखेची, कारण निम्मी मंडळी तिथेच चुकतात. "फेब्रुवारीत असतो ना?" असं म्हणून तिकिटं काढतात आणि आठवडाभर आधी नाहीतर नंतर येऊन पोचतात. कार्निव्हल ईस्टरवर ठरतो. ईस्टरच्या रविवारपासून ५० दिवस मागे मोजा, तो पणजीचा शनिवार. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला, म्हणजे शनिवार ६ फेब्रुवारीचा. २०२८ मध्ये २६ फेब्रुवारी. शनिवार ते मंगळवार असे चार दिवस, मग राखेचा बुधवार, आणि तिथून ख्रिस्ती लोकांचा ईस्टरपर्यंतचा उपवासाचा काळ. त्या उपवासाआधीची ही मजा. आपल्याकडे श्रावण लागायच्या आधी गटारी असते, तशातलाच प्रकार, असं सांगितलं की मराठी माणसाला पुढचं काही समजवावं लागत नाही.

ईस्टर पौर्णिमेला बांधलेला, म्हणून कार्निव्हल हमखास अमावास्येच्या आसपास येतो आणि पुष्कळदा महाशिवरात्रीला खेटून. २०२३ मध्ये तर दोन्ही एकाच दिवशी होती, १८ फेब्रुवारीच्या शनिवारी. आमच्या घरी आईचा उपास, तिच्यासाठी साबुदाणा भिजत घातलेला, आणि मी तोंडाला रंग लावलेल्या विदूषकांच्या मागे. २०२६ मध्ये महाशिवरात्र दुसऱ्या दिवशी होती. असं जुळून आलं की लोक सलग सुट्ट्या टाकून येतात आणि खोल्या दोन महिने आधीच संपतात. तेव्हा कॅलेंडरात शिवरात्रही बघून ठेवा.

इथे लोक याला इंत्रूज म्हणतात. 'एंत्रूदो' या पोर्तुगीज शब्दाचं ते कोकणी रूप. पूर्वी इंत्रूज म्हणजे गल्लीतल्या गल्लीत पिठाच्या पुड्या मारायच्या, रंगीत पाणी उडवायचं, मित्रांच्या टोळीने न सांगता कोणाच्या तरी घरात घुसायचं आणि नाच करून, खाऊन-पिऊन पुढच्या घरी जायचं. चित्ररथ, राजा, रस्त्यावरची मिरवणूक, हे जे तुम्ही बघायला येताय ते तसं अलीकडचं. गोवा मुक्त झाला १९६१ च्या डिसेंबरात. १९६५ साली पणजीतल्याच कांपाल भागातल्या तिमोतियो फर्नांडिस यांनी किंग मोमोची, म्हणजे कार्निव्हलच्या राजाची, मिरवणूक काढली आणि तिथून आजचा प्रकार सुरू झाला. पुढे त्यात सरकार आलं, पर्यटन आलं, जाहिराती आल्या. चर्चने या बाजारू रूपाबद्दल वेळोवेळी नाराजी बोलून दाखवली आहे आणि मला ती काही अगदीच चुकीची वाटत नाही. पण शनिवारची दुपार मी अजूनही चुकवत नाही.

आता दिवस.

चारचाकी घेऊन गावात शिरू नका. दुपारपासून नदीकाठचा रस्ता बंद होतो आणि आतल्या गल्ल्यांत जो अडकला तो रात्रीपर्यंत अडकला. राहायचं अजून ठरलं नसेल तर माझा सल्ला मांडवीच्या पलीकडे, बेतीच्या बाजूला राहा. बेती ते पणजी फेरीबोट आहे, पायी माणसाला तिकीट लागत नाही, आणि ती तुम्हाला थेट पणजीच्या नदीकाठच्या रस्त्यावर आणून सोडते. १९८६ च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा सगळं पणजी याच फेरीबोटींवर तगलं होतं. माझ्या बाबांची पिढी अजून पुलापेक्षा बोटीवर जास्त भरवसा ठेवते. कार्निव्हलच्या दिवशी मीसुद्धा.

सकाळी साडेसातला फोंतेन्हास या जुन्या वस्तीत हजर राहा. लवकर वाटेल, पण त्याला कारण आहे. नऊ वाजले की तिथे फोटोवाल्यांची झुंबड उडते: छत्री धरलेल्या नवऱ्या, ड्रोन, तीनतीन वेळा कपडे बदलणारी माणसं. साडेसातला मात्र गल्ली तिच्या माणसांची असते. कोणी पायरी धुतंय, कोणाचा कुत्रा रस्त्याच्या मधोमध ताणून दिलाय, पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत चाललाय. त्याला थांबवा आणि टोपलीवरचं निळं प्लास्टिक बाजूला करायला सांगा. आत काय काय असतं ते मुलीला दाखवा: कोंडा लावलेली, आतून पोकळ पोई, बांगडीसारखं कडक काकण, टणक पाठीचा उंडो. काकण घ्या. त्याचा कुडुमकुडुम आवाज करत ती पुढचा अर्धा तास आनंदात चालेल.

या वस्तीला नाव पडलं मळ्याकडच्या झऱ्यावरून. 'फोंत' म्हणजे झरा. घरं पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची. पांढरा रंग चर्चचा, घराला द्यायचा नाही, असा पोर्तुगीज काळातला दंडक होता असं सांगतात. मुलीला एक काम द्या: शिंपल्यांच्या खिडक्या शोधायच्या. काच महाग होती तेव्हा चपटे, अर्धपारदर्शक शिंपले तासून लाकडी चौकटीत बसवायचे. अशा खिडक्या आता थोड्याच उरल्यात, पण आहेत. त्यातून आत येणारा उजेड दुधात हळद घातल्यासारखा दिसतो. गल्लीच्या टोकाला सेंट सेबॅस्टियनचं कपेल, म्हणजे छोटं चर्च, आहे. सकाळच्या मिस्सेच्या, म्हणजे प्रार्थनेच्या, सुमारास उघडं मिळालं तर आत जा आणि क्रूसावरच्या येशूचे डोळे बघा. एरवी डोळे मिटलेले, मान खाली, असा येशू आपण पाहतो. इथला सताड डोळे उघडे ठेवून समोर बघतो. हा क्रूस आधी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता. त्या वाड्यात त्याच्यासमोर कोण कोण उभं राहिलं असेल, एवढंच मी माझ्या लोकांना म्हणते आणि गप्प राहते.

एक विनंती आहे, तिला नियमच समजा. ही राहती घरं आहेत. कोणाच्या बाल्कनीत चढू नका, दारातल्या खुर्चीवर बसून पोझ देऊ नका. माझ्या ओळखीच्या एका आजींनी वैतागून दाराला दोरी बांधली आहे, कारण एकदा त्या न्हाणीघरातून बाहेर आल्या तर ओटीवर दोन अनोळखी मुली रील करत होत्या.

साडेआठला नाश्ता. हॉटेलचा बुफे सोडा. पणजीत सकाळी भाजी-पाव खायचा असतो. गल्लीबोळातल्या छोट्या हॉटेलांत संगमरवरी टेबलं, भिंतीला आरसे, वेटर पाठ केल्यासारखी यादी म्हणतो. पातळ भाजी म्हणजे खोबऱ्याच्या वाटणातले वाटाणे किंवा अळसांदे (चवळी), सुकी भाजी बटाट्याची, दोन्ही हवी तर 'मिक्स' म्हणायचं. बरोबर बन्स, म्हणजे केळं घातलेल्या गोडसर पुऱ्या, एखादं मिरचीचं भजं आणि बशीसकट चहा. सासूबाई शाकाहारी असतील तर दिवसातलं त्यांचं सगळ्यात चांगलं खाणं हेच, म्हणून पोटभर होऊ द्या. टेबल कोणाबरोबर तरी वाटून घ्यावं लागेल. समोरचे गृहस्थ मराठी पेपर वाचत असतील आणि मिरवणूक यंदा कुठून जाणार ते तुमच्यापेक्षा त्यांना नक्की ठाऊक असेल. विचारा. मी हे गंमत म्हणून सांगत नाही. मार्ग वर्षागणिक बदलतो. बहुतेक वेळा तो मांडवीकाठच्या दयानंद बांदोडकर मार्गावरून कांपालच्या दिशेने असतो, मध्ये काही वर्षं मिरामार ते दोनापावल रस्त्यावर नेला होता. त्या दिवसाच्या स्थानिक पेपरात पोलिसांनी दिलेला नकाशा असतो, तोच खरा मानायचा.

मग चर्चचा चौक. पांढरीशुभ्र इमारत आणि तिच्यापुढच्या नागमोडी पायऱ्या तुम्ही शंभर सिनेमांत पाहिल्या असतील. इथलं पहिलं छोटं चर्च १५४१ चं, आत्ताची वास्तू १६१९ ची. वरची घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाच्या पडझडीतून आली, १८७१ मध्ये इथे चढवली. सासूबाईंना पायऱ्या चढायला लावू नका. खालून दिसतं तेच चांगलं दिसतं. त्यांना पालिकेच्या बागेत बाकावर बसवा. ही गार्सिया द ऑर्ताच्या नावाची बाग. हा वैद्य इथल्या औषधी वनस्पतींवर पुस्तक लिहून १५६३ मध्ये गोव्यातच छापून गेला. बागेत त्या सकाळी संध्याकाळच्या गाण्यांसाठी मांडव आणि स्पीकर लागत असतात. "हॅलो, हॅलो, वन टू" एवढंच अर्धा तास ऐकू येतं.

मुलीसाठी तिथून पाच मिनिटांवर, जुन्या सचिवालयाच्या शेजारी, आबे फारियाचा पुतळा. काळा झगा घातलेला माणूस हात पसरून उभा आणि त्याच्यासमोर बाई कोसळतेय. लांबून पाहिलं तर भुताचा सिनेमा. हा कांदोळीत १७५६ साली जन्मलेला पाद्री, पुढे पॅरिसमध्ये संमोहनविद्येच्या पहिल्या जाणकारांपैकी एक झाला. पुतळा १९४५ चा, आपल्याच रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला. गोष्ट अशी सांगतात की तरुण फारिया पोर्तुगालच्या राणीपुढे प्रवचनाला उभा राहिला आणि समोरची भारदस्त मंडळी बघून त्याची वाचाच बसली. खाली बसलेला बाप कोकणीत पुटपुटला, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" आणि पोराची जीभ सुटली. माझ्या आईने मला पहिलीत वक्तृत्व स्पर्धेच्या आधी हेच सांगितलं होतं. मी तरी पडलेच, ते वेगळं.

साडेअकराला थांबा. इथे माझं आणि पाहुण्यांचं नेहमी वाजतं. लोकांना वाटतं, अजून दोन तास आहेत, जुनं गोवं उरकून घेऊ, नाहीतर मिरामारला समुद्रात पाय बुडवून येऊ. नका. साडेबाराला जेवा, गर्दी उसळायच्या आत. थाळीत शीत म्हणजे भात, हुमण म्हणजे माशाची आमटी, रवा लावून तळलेलं एखादं काप, सुक्या मासळीचं किसमूर आणि सोलकढी असेल. सुक्या तिसऱ्या (शिंपल्या) मिळाल्या तर वेगळ्या मागवा. मग खोलीवर जाऊन झोपा. सरळ पंखा लावून झोपा. एक ते चार पणजीतली निम्मी दुकानंसुद्धा झोपलेली असतात. 'सुशेगाद', म्हणजे निवांत, हा शब्द टी-शर्टांवर छापून छापून पार मळला आहे, पण त्याचा अस्सल अर्थ कळायचा असेल तर दुपारी दोनला पणजीत कुलपाकडे बघत उभं राहा. ज्यांनी झोप घेतली त्यांचा कार्निव्हल चांगला होतो. २२ वर्षांत मी यातून काढलेलं हे सगळ्यात पक्कं शास्त्र आहे.

मात्र घरातल्या एकाने मुलीला घेऊन अडीचलाच निघावं, मिरवणूक जिथून सुटणार त्या टोकाला. सरकारी वेळ तीन-साडेतीनची असते, हलायला चार वाजतात. तो मधला तास म्हणजे माझ्या लेखी खरा कार्निव्हल. ट्रक आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या एकामागे एक लागलेल्या असतात. रेंदेराचा रथ असेल तर त्यावर खोटा माड आणि कमरेला खरी कोयती लावलेला, एरवी खरंच माडावर चढून माडी काढणारा माणूस. कुणबी लुगड्यातल्या बाया ट्रकच्या सावलीत बसून एकमेकींच्या आंबाड्यात अबोली खोवतात. एका वर्षी एक भला मोठा खेकडा होता, थर्माकोलचा, लाल ऑइलपेंट मारलेला. त्याचा नांगा वर-खाली व्हायचा. मी वाकून पोटाखाली पाहिलं. आत एक काका बनियनवर, प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेले, हातात सायकलच्या ब्रेकची मूठ. मूठ दाबली की तार ओढली जायची आणि नांगा उघडायचा. काका घामाने निथळत होते. मी पाण्याची बाटली आत सरकवली तर म्हणाले, "बाय, भायल्यान कसो दिसता गो?" बाहेरून कसा दिसतो, हे त्या बिचाऱ्याला दिवसभर कळणार नव्हतं. मी म्हटलं, जिवंत दिसतो. त्यांनी खूश होऊन दोनदा नांगा उघडून दाखवला.

हे सगळं रथ हलल्यावर दिसत नाही. आणि तयार होणाऱ्या माणसांना बोलायला आवडतं, फोटोलाही ती आनंदाने उभी राहतात. फक्त विचारून काढा.

आता उभं कुठे राहायचं.

मंचासमोर राहू नका. पाहुण्यांचा आणि परीक्षकांचा मंच जिथे असतो तिथे प्रत्येक रथ थांबून नाच करतो, म्हणून लोक तिथेच लोटतात. मीही सुरुवातीच्या एका वर्षी नाशिकच्या १८ जणांना मंचाजवळच नेलं होतं, अगदी अभिमानाने. साडेपाचच्या सुमारास त्यांच्यातल्या एका काकांना घेरी आली. दोन्ही बाजूंना बांबूंचे कठडे, मागे माणसांची भिंत. त्यांना सावलीत न्यायला ४० मिनिटं लागली. काका सुखरूप राहिले, रात्री पुन्हा मासे खायला बसले, पण माझे पाय दोन दिवस लटपटत होते. तेव्हापासून मी मंचाच्या बरीच आधी, मिरवणुकीच्या वाटेच्या पहिल्या एक तृतीयांश भागात लोकांना उभं करते. तिथे नाचणाऱ्यांचा रंग ओघळलेला नसतो, पाय दमलेले नसतात आणि गर्दी एका रांगेचीच असते. मंच ओलांडला की रथवाल्यांचं लक्ष उडतं. राजाचा मुकुटसुद्धा तिरका झालेला असतो.

नदीकाठच्या रस्त्यावर मिरवणूक असेल तर शहराच्या बाजूचा फुटपाथ धरा. नदी उत्तरेला, फेब्रुवारीतलं दुपारचं ऊन दक्षिण-पश्चिमेकडून. शहराच्या बाजूला इमारतींची सावली पाठीवर येते आणि उजेड रथांवर पडतो. पलीकडे, नदीच्या कडेला, वारा छान असतो पण तीन तास ऊन थेट डोळ्यांत. सासूबाईंसाठी घडीचं स्टूल न्या. इथल्या पोरांना त्याची सवय आहे, कोणी तरी स्वतःहून जागा करून देतं. एकच लक्षात ठेवा: रथ सुरू झाले की रस्ता ओलांडता येत नाही. पाणी, टोपी, मुलीचं शू-शी, सगळं त्याआधी.

किंग मोमो पहिल्या रथावर असतो. राजा आला, फर्मान निघालं, 'खा, प्या, मजा करा', आणि गेला. साडेचारला धावतपळत आलात तर राजा गेलेला असतो. त्याच्यामागे पारंपरिक रथ: पोदेर, रापणकार म्हणजे मोठं जाळं ओढणारे मच्छीमार, मुसळांचा नाच, शाळांची पथकं. पहिला तास हा. पुढे क्लबांचे, मग मोठमोठ्या स्पीकरांचे आणि शेवटी उघडउघड जाहिरातींचे. ते सुरू झाले की निघा. शेवटचा रथ बघायलाच हवा असा कुठलाही धर्म नाही.

जुने कपडे घाला. पिठाच्या पुड्या गेल्या, पण चमकीचे कागद आणि रंगीत भुकटी उडतेच, आणि ती केसांतून तीन दिवस निघते.

तिथून संध्याकाळी कुठे? सूर्य साडेसहाच्या सुमारास बुडतो. माझी पहिली पसंती, फेरीबोटीत बसा. जायचं कुठेच नाही, बेतीला जाऊन त्याच बोटीने परत यायचं. तुम्ही शहराच्या बाजूला उभे होतात, तेव्हा रस्ता मोकळा होईपर्यंत धीर धरावा लागेल. बोटीच्या कठड्याला टेकून पाहिलं की अख्खी मिरवणूक आडवी दिसते, खेळण्यातल्या आगगाडीसारखी, आणि पाच गाण्यांचा आवाज पाण्यावर एकमेकांत मिसळून एकच विचित्र गाणं होतं. मुलीला वर कप्तानाच्या बाजूला उभी करा. मिरामारचा पर्याय आहे, मांडवी जिथे समुद्राला मिळते ती वाळू, आणि भाऊसाहेब बांदोडकरांची समाधीही तिथेच. पण त्या संध्याकाळी तिकडे पोचायला जो वेळ जातो त्यात सूर्य बुडून जातो.

बागेतली गाणी सात-साडेसातला रंगात येतात. पोर्तुगीज, कोकणी, मधेच एखादं हिंदी. आजोबा-आजी जोडीने नाचताना दिसतील, आणि ती पावलं तरुणांना जमत नाहीत. सासूबाईंना बाक मिळेल असं लवकर जा आणि साडेआठला उठा.

आता त्यांच्या काळजीचं खरंखुरं उत्तर. लोक पितात. लपवण्यात अर्थ नाही. पण दुपारच्या मिरवणुकीला आजूबाजूला सगळी कुटुंबं असतात, खांद्यावर पोरं घेतलेले बाप आणि घरून खुर्च्या आणलेल्या आज्या. मला त्या वेळात त्रास झालेला आठवत नाही. नूर पालटतो तो नऊनंतर, आणि जी मंडळी झिंगून रस्त्यात झोकांड्या देतात त्यांच्यात इथली माणसं कमीच, हे मी जरा रागानेच लिहिते आहे. उघड्यावर पिण्याला दंड आहे, नवऱ्याला सांगून ठेवा. आणि कोणी 'हुर्राक', म्हणजे काजूच्या बोंडांची ताजी दारू, म्हणून बाटली पुढे केली तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ती घेऊ नका. काजूला तेव्हा नुकता कुठे मोहोर असतो, बोंडं पिकून हंगाम लागायला मार्च यावा लागतो. फेणी घ्यायची तर ओळखीच्या दुकानातून. सासूबाईंना मात्र फेणीबद्दल ऐकायची उत्सुकता असते, असा माझा अनुभव आहे. एका आजींनी तर गुडघ्यांना लावायला म्हणून बाटली नेली आणि पुढच्या वर्षी फोन करून आणखी एक मागवली.

'रेड अँड ब्लॅक', म्हणजे लाल-काळ्या कपड्यांतल्या नाचाबद्दल बरेच विचारतात. तो क्लुब नासिओनालचा, शेवटच्या मंगळवारी असतो, शनिवारी नाही.

तुमचा बेत एका दिवसाचा आहे, तरी सोमवारपर्यंत थांबता आलं तर दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत जा. तिथे गावच्या चौकात आणि अंगणात 'खेळ' होतात, कोकणी नाटुकल्या, गावातल्याच भानगडींवर. शब्द सगळे कळणार नाहीत, पण कोणाला टोमणा बसला ते लोकांच्या हसण्यावरून कळतं. चांदरला सोमवारी रात्री मुसळ खेळ असतो, हातात मुसळं घेऊन जमिनीवर ठोकत घरोघर जायचं. नाचणारे ख्रिस्ती, आणि सोबतचं गाणं ऐकलं की आपल्या गावच्या शिमग्याची आठवण येते. तिथे मंच नाही, परीक्षक नाहीत, प्रायोजक नाहीत.

शनिवारी रात्री मात्र जेवायला मोठं हॉटेल शोधत फिरू नका, सगळी भरलेली असतात. गाड्यावर जा. रस-ऑम्लेट मागा: ऑम्लेटवर चिकन शाकुतीचा गरम रस, वरून कांदा, लिंबू आणि दोन पाव. सासूबाईंना नुसतं ऑम्लेट चालत असेल तर 'रस नको' असं दोनदा सांगा, एकदा सांगून भागत नाही. दुपारी ज्यांना तुम्ही सजताना पाहिलं तीच माणसं आता तिथे रांगेत असतात. मागे एकदा माझ्यापुढे एक आठ-दहा वर्षांचा पोरगा होता, अंगभर कोंबड्याचा वेश, पिसं निम्मी गळलेली, कोंबड्याचं डोकं काढून काखेत धरलेलं. गाडेवाल्याने विचारलं, "तुका कितें?" पोरगा गंभीरपणे म्हणाला, "ऑम्लेट. डबल." रांगेतला एकही माणूस हसायचा थांबेना, आणि आपण काय बोललो ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.